सून मांगून येऊन राहिली

नमस्कार. मी इथे बरेच दिवस गुपचूप वाचते. शाळेत डबा खाताना एखादा अनुभव वाचायचा आणि पुन्हा कामाला लागायचं, एवढाच माझा या ग्रुपशी संबंध. लिहिते आहे पहिल्यांदाच, त्यामुळे मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

"माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता" असं इथे सगळेच सुरुवातीला लिहितात. माझं तर त्याहून वाईट... मला विश्वास ठेवायला किंवा न ठेवायला वेळच नव्हता. घरात एक जिवंत माणूस सांभाळताना ज्याच्या नाकी नऊ आलेत, तो मेलेल्यांची काळजी कशाला करेल? आणि आधीच सांगून टाकते, यात मेलेलं कोणी नाही. भूत शोधत असाल तर निराशा होईल.

आम्ही मुर्रीला राहतो, गोंदियाला लागूनच आहे. मी एका शाळेत क्लार्क. आमच्या ह्यांचं गोंदियात मोटर वाइंडिंगचं दुकान. मुलगी पुण्याला नोकरी करते. घरात आम्ही दोघं आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आई म्हणते.

आईंना गेली काही वर्षं विसरण्याचा आजार आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात, शेजारच्या बाया म्हातारचळ म्हणतात. नाव काहीही द्या, चादरी मलाच धुवाव्या लागतात. आधी त्या भाजीत मीठ दोनदा टाकायच्या, मग नातीचं नाव विसरल्या, मग ह्यांना "तुम्ही कोन जी?" विचारायला लागल्या. मला कधी नर्स समजतात, कधी मोलकरीण. लुगडं सुटून पायात यायचं म्हणून मी त्यांना गाऊन घालायला लागले. त्यालाही आता दोन वर्षं होऊन गेली.

हे सगळं मी निभावलं असतं. पण त्यांचं एक पालुपद होतं, त्यानं माझा जीव घेतला. "मले घरी जायचं हाय." सकाळी उठल्यापासून तेच. कपड्यांचं गाठोडं बांधायचं आणि दाराशी जाऊन बसायचं. "आई, हेच तुमचं घर आहे" म्हटलं की माझ्याकडे अशा बघायच्या जशी मी त्यांना पळवून आणली आहे. एकदा नजर चुकवून निघाल्या त्या रेल्वे लाइनपर्यंत गेल्या. तेव्हापासून आम्ही दाराला आतून कुलूप लावतो आणि किल्ली माझ्या नाहीतर ह्यांच्या, जो घरी थांबेल त्याच्या खिशात असते.

त्यांना जायचं होतं ते माहेरी. आणि माहेर तर उरलेलंच नाही. इटियाडोहचं धरण झालं तेव्हा त्यांचं गाव पाण्यात गेलं, माणसं जिकडे जागा मिळाली तिकडे पांगली. लग्न होऊन आलेल्या आईंनी त्यानंतर ते गाव पुन्हा पाहिलंच नाही. आता सांगा, त्यांना घरी न्यायचं म्हणजे कुठे न्यायचं?

शेवटी मी हात टेकले. नागपूरला अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, तिथे ठेवायचं ठरवलं. म्हणजे मी ठरवलं. हे नुसते मान खाली घालून "बघ बाई तुला काय वाटते ते" म्हणाले. सोमवारी दुपारी गाडी येणार होती. शनिवारी मी त्यांची बॅग भरली आणि भरताना मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी थकले होते.

आता त्या ट्रिपचं.

मुलीनं मला न विचारता रविवारची एक वन डे टूर बुक करून टाकली. "आई, निदान एक दिवस तरी बाहेर पड. बाबा आजीला बघतील." आमच्याकडे देवेंद्र नावाचा एक माणूस गोंदियाहून टेम्पो ट्रॅव्हलरमधून अशा ट्रिपा काढतो... तलाव, किल्ला आणि तलावाकाठच्या गावात जेवण. मला वाटलं, आ बैल मुझे मार, यापेक्षा घरी झोपले असते. पण घरी ती भरलेली बॅग डोळ्यांसमोर राहिली असती. म्हणून गेले.

निघताना आई जाग्या होत्या. मी त्यांना अंघोळ घातली, गाऊन घातला, चहा पाजला.  मग त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि भिंतीकडे तोंड केलं.

देवेंद्र माणूस गमतीचा. गोरेगाव येईपर्यंत माइक हातात घेऊन त्यानं सांगून टाकलं की कोकणवाल्यांना समुद्र आहे आणि समुद्रातले किल्ले आहेत, तर त्यांनी फार मिजास करू नये, आपल्याकडे इतके तलाव आहेत आणि किल्लाही आहे, फक्त पाणी खारट नाही. नागपूरचं एक रिटायर्ड जोडपं आणि कॉलेजच्या काही पोरी खूप हसल्या. मी कोहमाऱ्याच्या चौकापर्यंत ऐकलं आणि मग जी झोपले ती थेट नवेगाव बांधला उठले. पोरींनी बोटिंग केलं, मी बाकावर बसून पाणी बघत राहिले. दिवाळी नुकतीच झाली होती, हवा छान होती. धान कापून झालेल्या बांध्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसत होत्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिथून प्रतापगड. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे, डोंगरावर जुन्या गडाचे अवशेष, महादेव आणि दर्गा. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी शांत. माझे गुडघे बोलायला लागले म्हणून मी अर्ध्यावरच एका दगडावर बसकण मारली. देवेंद्रही पोरींना वर पाठवून माझ्याजवळ थांबला. लांबवर पाणी चमकत होतं. तो म्हणाला, मॅडम, ते इटियाडोह, त्याच्या खाली गावं आहेत. मी "हो का" म्हटलं. आईंचं गाव त्यातलंच, हे मी त्याला सांगितलं नाही. गाडीत कुणालाच सांगितलं नव्हतं. आज एक दिवस तरी मला त्या विषयातून सुट्टी हवी होती. हे लक्षात ठेवा, कारण नंतर मला सगळ्यांनी हेच विचारलं की तू कुणाजवळ तरी बोलली असशील. नव्हते बोलले.

तिथे मोबाइलला कशीबशी रेंज मिळाली. मी ह्यांना फोन लावला. म्हणाले, आई झोपली आहे, तू गेल्यापासून उठलीच नाही, मी दोनदा जाऊन श्वास बघून आलो. वरून हसत म्हणाले, "तू नसलीस की शांत असते बघ." मी फोन ठेवून दिला. काही काही वाक्यं नवऱ्यांनी मनातच ठेवावीत.

जेवणाचं गाव पुढे, गोठणगावचा तिबेटी निर्वासितांचा कॅम्प ओलांडून धरणाच्या पाण्याकडे गेलं की लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच कोणी हौशी लोक जाऊन म्हातारीला त्रास देतील. ती म्हातारी म्हणजे कौतिकाबाई. देवेंद्रच्या ट्रिपांचं जेवण तिच्याच घरी असतं. तिच्या सुना रांधतात आणि ती वाढते. घर साधंच, पुढे शेणानं सारवलेली ओसरी आणि मागे थेट पाणी.

आम्ही उतरलो तेव्हा ती पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे पितळी कळशी, आणि लोटा घेऊन उभी होती. इकडे पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात. सगळे हातपाय धूत होते, फोटो काढत होते. माझ्या हातात लोटा देताना तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग दंडाला धरून मला ओसरीवर नेलं आणि पत्रावळीपुढे बसवलं. बाकीची पंगत अजून मांडायचीच होती.

मी म्हटलं, आजी, सगळ्यांबरोबर बसते ना, घाई नाही.

ती म्हणाली, "बस व तू. तुले पयले वाढाचं हाय. तुया सासूनं सांगून ठेवलं. म्हने, माही सून मांगून येऊन राहिली, लय थकली हाय, तिले पयले वाढजो."

मी हसले. मला वाटलं म्हातारीनं मला दुसरंच कोणी समजलं. आमच्या घरी हे रोजचंच असल्यामुळे मला त्याचं नवल नव्हतं. मी शाळेतल्या पोरांशी बोलावं तशा आवाजात सांगितलं, आजी, माझ्या सासूबाई घरी आहेत, गोंदियाला.

"हो, गेली ना मंग आता घरी," ती भात वाढता वाढता म्हणाली. "जेवली, पानी पेली, घटकाभर बसली आन् गेली. आमची भागरथा. येका गल्लीतल्या आमी. गाव पान्यात गेलं तईपासून पाह्यली नव्हती. म्हातारी झाली, पन चालनं तेच."

माझ्या सासूबाईंचं नाव लक्ष्मीबाई. मला थोडं हायसं वाटलं. म्हटलं ना, दुसरंच कोणीतरी. पण ती थांबेना. पिवळं लुगडं नेसून आली होती म्हणाली. भूक लागली होती तिला. निघताना ओटी भरली. "नारळ नव्हता घरी. मंग मूठभर शिंगाडे टाकले, सकारीच काढले होते पोरानं."

आता मी तिला तिची चूक दाखवून द्यावी म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडी चिडूनच, म्हटलं, "आजी, माझे सासरे जाऊन खूप वर्षं झाली. माझ्या सासूची ओटी तुम्ही कशी भरली?"

तिनं हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं. "तुया घरी ते विधवा असन," ती म्हणाली. "अथी ते गावची लेक हाय. लेकीले का कोनी विधवा म्हनते?"

 मी मान खाली घालून जेवायला लागले. तलावातल्या मासोळीचा रस्सा होता, गरम भात होता. मला कोणी पहिलं वाढून, समोर बसून, "घे अजून" म्हणत जेवू घातल्याला किती वर्षं झाली, हे त्या पत्रावळीवर मला कळलं आणि मी ढसाढसा रडले. नागपूरच्या काकू घाबरून "तिखट लागलं का?" विचारायला लागल्या. मी हो म्हटलं. ओसरीच्या कोपऱ्यात एक उष्टी पत्रावळ पडलेली होती, ती मी पाहिली. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

तिथे माझ्या मोबाइलला रेंज नव्हती. परतताना कोहमाऱ्याला फोन लागला तर हे म्हणाले, "आईनं लुगडं नेसलं आहे. तू ये, मग बोलू." एवढंच. गोंदियापर्यंतचा तो रस्ता मी कसा काढला ते माझं मला माहीत. देवेंद्र पलीकडे पोरींकडून गाणी म्हणवून घेत होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. ह्यांनी कुलूप काढून दार उघडलं. आई पलंगावर पाय सोडून बसल्या होत्या. ट्रंकेच्या तळाशी पडलेलं पिवळं लुगडं नेसलेल्या, काष्टा अगदी चापून. ज्या बाईला गाऊनची बटणं लावता येत नव्हती, तिनं. हे म्हणाले की जेवण झाल्यावर ह्यांचाच डोळा लागला, जाग आली तर आई अशा बसलेल्या. दार बंद, किल्ली त्यांच्या खिशात. भूक नाही म्हणाली, जेवली नाही, म्हणाले.

आईंच्या कमरेशी पदर खोचलेला होता आणि तो फुगलेला होता.

मी जवळ जाऊन बसले. कसं सुचलं कोण जाणे, मी हळूच "भागरथा" अशी हाक मारली. "ओ" म्हणाल्या. लगेच. जणू दिवसभर लोक त्यांना याच नावानं हाका मारत होते. ह्यांना आईचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. मला माहीत असण्याचा प्रश्नच नाही.

पदर सोडला तर त्यात तांदूळ होते, हळकुंड होतं, सुपारी होती आणि शिंगाडे होते. हिरवे, ओले, देठाला चिखल लागलेला. त्या ओलीनं लुगडं आतपर्यंत भिजलं होतं.

 ह्यांनी एक एक करून सगळं तपासलं, मोटर जळाली की वायर तपासतात तसं. शेजारून कोणी दिलं असेल? तर दाराला कुलूप, आणि आमच्या गल्लीत विधवा बाईची ओटी कोणी भरणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. शिंगाडे गोंदियाच्या बाजारात मिळतात, पण ते दिवसभर घराबाहेर पडले नव्हते. तांदूळ डब्यात हात घालून घेतले असतील? आमचा तांदूळ गिरणीचा, पांढरा. हा हातसडीचा होता, लालसर. मी त्यांना कौतिकाबाईचं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, हे तांदूळ आणि शिंगाडे पिशवीत बांधून ठेव, कोणाला तरी दाखवू.

मी ठेवले नाहीत. ओटीचे तांदूळ ठेवायचे नसतात. जिची ओटी असते तिनं ते शिजवून खायचे असतात. तुमच्यापैकी बरेच जण कमेंटमध्ये "फोटो टाका" म्हणतील म्हणून आधीच सांगते, फोटो काढायचं सुचलं नाही, आणि पुरावा आईंनी खाऊन टाकला.

नंतर देवेंद्रकडून नंबर घेऊन मी कौतिकाबाईशी बोलले. मला वाटलं होतं ती गडबडेल, नाहीतर नाकबूल करेल. ती म्हणाली, "आली होती ना. मंग?" मी म्हटलं, आजी, त्या घरातून हलल्याच नाहीत. तर म्हणाली, असन. आणि मासोळी आवडली का ते विचारलं. देवेंद्रला विचारलं तर तो आम्हाला घेऊन आमच्याबरोबरच तिथे पोचला होता, त्यानं कोणी म्हातारी पाहिली नाही. कौतिकाबाईच्या सुना म्हणाल्या की कोणीतरी बाई मागच्या दारी येऊन बसली होती खरी, सासूच्या ओळखीची असेल म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. मुलीनं नेटवर काय काय वाचून मला पाठवलं. एका डॉक्टरांनी सांगितलं की तुम्ही फार थकला आहात, मन असे खेळ करतं. थकले आहे ते खरंच. पण माझ्या मनाला शिंगाडे कुठून आणता येतील?  तुमच्याजवळ याचं उत्तर असेल तर लिहा, पण मला पटलंच पाहिजे असा आग्रह धरू नका.

सोमवारचं सांगायचं राहिलंच.

सकाळी मी त्या तांदळाचा मऊ भात केला, तूप-गूळ घातला आणि शिंगाडे उकडले. आईंनी सगळं खाल्लं, न सांडता. आतल्या खोलीत बॅग तयार होती. संस्थेच्या लोकांनी मला सांगून ठेवलं होतं की निघताना वाद घालू नका, घरी चाललो एवढंच म्हणा, ही माणसं आनंदानं गाडीत बसतात. ते खोटंही नव्हतं म्हणायला, तीन वर्षं त्या हेच तर मागत होत्या.

दुपारी बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. हे कुलूप काढायला उठले. मी आईंचं तोंड पुसलं आणि आवाज शक्य तेवढा गोड करून म्हटलं, "चला आई, गाडी आली. घरी जायचं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी कोणीतरी ओळखीचं बघावं तसं पाहिलं.

"आता कोठी जाऊ?" त्या म्हणाल्या. "कालच तं जाऊन आली मी माहेरी. घडीघडी माहेरी गेलं तं लोक का म्हनतीन? मी आपल्या घरीच बरी हाय, सुनबाई."

हे किल्ली हातात घेऊन दारात उभे होते, माझ्याकडे बघत. बाहेर हॉर्न पुन्हा वाजला. मी ह्यांना म्हटलं, त्या गाडीवाल्याला आत बोलवा, चहा पाजा आणि परत पाठवा.